पवनीची टेकडी आणि आमच्या घरातली वीट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांनी स्वतः तपासून दिला आहे.)

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरीसाहेब, आणि मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेल्या मित्रांनो,

गेल्या महिन्यात याच पडद्यावर ए-विंगच्या एका काकांनी आपल्याला स्पेन दाखवला. त्यांची मुलगी-जावई तिकडे फिरून आले, त्यांचे फोटो. त्यात एक गाव होतं, मोरेया नावाचं. डोंगराच्या माथ्यावर किल्ला, त्याच्या पोटाशी उतरती घरं आणि सगळ्या गावाला चौदाव्या शतकातली दगडी तटबंदी. आपण सगळे 'वा वा' म्हणत होतो. मीही म्हणालो. गाव सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण फोटो संपल्यावर दिवे लागले तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे असं काही नाही नं, भाऊजी."

मी तेव्हा गप्प बसलो, कारण घड्याळात साडेनऊ झाले होते. पण घरी जाऊन झोप लागली नाही. माझं बालपण ज्या गावात गेलं त्याला तीन बाजूंनी तट आणि खंदक आहे, चौथ्या बाजूला नदी आहे, आणि त्याच्या टेकड्यांच्या पोटात जे आहे ते मोरेयाच्या तटापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनं आहे. ते गाव आपल्या गेटपासून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर आहे. आपल्यापैकी निम्मे लोक तिथून उमरेडच्या जंगलात वाघ बघायला गेलेत, काचा वर करून. जय नावाचा वाघ २०१६ मध्ये गायब झाला तेव्हा देशभर हळहळ झाली. त्याला शोधायला लोक पवनीवरून गेले. पवनी बघायला फारसं कोणी थांबलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, मला एक रविवार द्या.

आता टेबलावर हे जे फडक्यात बांधून ठेवलं आहे, ते काय आहे असं मघापासून मुलं विचारत आहेत. ते शेवटी. मधे कोणी हात लावू नका, जड आहे, पायावर पडेल.

आधी गाव सांगतो.

भंडाऱ्याहून निघालं की पहेला, अड्याळ, कोंढा करत आपण पवनीला पोचतो. अड्याळला मारुतीच्या देवळाशी चहा घ्यायचा, हा आमच्या घरचा जुना नियम. रस्ता सपाट, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. पवनी जवळ आली की जमीन एकदम उठल्यासारखी वाटते. ती जमीन नाही, तो तट आहे. मातीचा. नवखा माणूस त्याला टेकाडच समजतो. झाडं उगवलीत, शेळ्या चरतात, मुलं पतंग उडवतात. काही ठिकाणी माथ्यावर दगडी बांधकाम आहे, ते पुष्कळ नंतरचं. खाली खंदक. कुठे पाणी, कुठे शिंगाड्याचे वेल, कुठे नुसती बेशरम माजलेली. गावात शिरायला दगडी वेस आहे, तिला आता जवाहर गेट म्हणतात. तिच्याखालून ऑटो, मोटारसायकली, मिरचीच्या गाड्या सगळं जातं. वर मान करून बघायला कोणाला सवड नसते.

चौथ्या बाजूला वैनगंगा. इथे काठ उंच आहे, कड्यासारखा, आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी जावं लागतं. दिवाण घाट, वैजेश्वराचा घाट. देवळं इतकी की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भात काशी म्हणवून घेणारी आणखीही गावं आहेत, त्यांच्याशी भांडायला नको. पण पहाटे धुक्यात वैजेश्वराच्या पायऱ्यांवर बसून बघा, मग ठरवा. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत ढिवर बांधवांच्या डांगरवाड्या लागायच्या. डांगर, टरबूज, काकड्या. आम्ही चोरायचो आणि मार खायचो.

गणपती तर आपल्या लोकांना ठाऊकच आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांतले दोन आपल्या जिल्ह्यात. एक आपला इथला मेंढ्याचा भृशुंड, रोजचा शेजारी. दुसरा पवनीचा. त्याला कोणी पंचमुखी म्हणतं, कोणी सर्वतोभद्र. एकाच पाषाणाच्या सगळ्या बाजूंना गणपती कोरलेला. कुठूनही आलात तरी तो तुमच्याकडेच बघतो. लहानपणी परीक्षेत कॉपी केली की मी त्या रस्त्याने जात नसे.

पवनी हे नाव पवन राजावरून पडलं असं आमच्याकडे सांगतात. वर्ध्याचं पवनारही त्याच राजाचं. त्याच्याकडे परीस होता, तो शेतकऱ्यांकडून साऱ्यात पैसा न घेता नांगराचे फाळ घ्यायचा आणि त्याचं सोनं करायचा. ही कथा आहे, इतिहास नाही. पण शेतकऱ्याच्या फाळातूनच राजाचं सोनं होतं, हे सांगणारा जो कोणी होता तो अडाणी नव्हता.

इतिहास दगडांवर आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनीचे दोन शिलालेख वाचले. एक भगदत्त नावाच्या राजाचा, तो स्वतःला भार कुळातला म्हणवतो. दुसरा एका स्तंभावरचा, महाक्षत्रप रूपिअम्म याच्या स्मरणाचा. महाक्षत्रप म्हणजे शकांची पदवी. म्हणजे वायव्येकडून आलेल्या लोकांची सत्ता कधीतरी वैनगंगेपर्यंत येऊन टेकली होती, आणि त्यांच्यातला एक मोठा माणूस आमच्या गावात दगडावर नाव ठेवून गेला. शाळेत आम्हाला शिवाजी महाराजांपासून पुढचं शिकवलं, ते चांगलंच केलं, पण हे कोणी सांगितलं नाही. आपल्या भंडाऱ्याचं नावही जुन्या लेखात येतं बरं का. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात, त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांत, वैरागड आणि लांजीच्या जोडीला 'भाणार' आहे. खंडणी देणारा म्हणून का होईना, नाव आलं.

पुढे गोंड राजे आले, मग नागपूरकर भोसले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६७ मध्ये पवनीला नगरपालिका झाली. हे मी भरभर सांगतो, कारण राजे बदलले तरी आमच्या घरात एकच गोष्ट चालत होती, ती म्हणजे माग.

आम्ही कोष्टी. पवनीचं कापड म्हणजे बारीक सुताचं, रेशीमकाठी. धोतरं, उपरणी, पागोटी. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा गावाचा मुख्य धंदा म्हणून हेच लिहिलं आहे. आमच्या ओसरीत जमिनीत खड्डा होता, त्यात पाय सोडून बाबा बसायचे. सकाळी जाग यायची ती धोट्याच्या आवाजाने. माय कांजी करायची, ताण्याला खळ लावायची. बाबांनी विणलेलं उपरणं अंगठीतून जायचं असं मी सांगत असे. मित्र म्हणायचे, करून दाखव. अंगठी कोणाच्याच घरी नव्हती.

आता टेकडीकडे येतो.

गावालगत जगन्नाथ टेकडी आहे. पलीकडे चांडकापूरची टेकडी. आम्ही म्हणायचो टेकडी, पण तिथे कुठेही उकरलं की वीट निघायची. साधी वीट नाही. आजच्या विटेच्या दुप्पट, दीड फुटाच्या आसपास लांब, रुंदीला अशी, जाडीला आपल्या पाटासारखी. भाजलेली अशी की कानशीला लावून वाजवली तर टणत्कार होतो. पिढ्यान्‌पिढ्या गावाने त्या विटा आणल्या. विहिरीचं तोंड बांधायला, चुलीच्या मागे, पायरीला, गोठ्याला. कोणाला काही वाटत नसे. देवाने टेकडीत विटा ठेवल्या होत्या, जशी नदीत रेती.

आमच्या घराची मागची भिंत त्या विटांची होती. माझ्या आज्याने बांधलेली. आजी अभिमानाने सांगायची, "टेकडीवरच्या इटा हायेत, पोरा. तुह्या आज्यानं डोक्यावर आनल्या. सारं घर पडंल, पन हे भित नाई पडाची."

१९६९ च्या हिवाळ्यात मी दहा वर्षांचा, पाचवीत. टेकडीजवळ तंबू लागले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन काढलं होतं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्याचे प्रमुख होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा आमच्यासाठी ते 'खड्डेवाले साहेब' होते. गावात दोन तर्क होते. एक, सोनं काढताहेत. दुसरा, पेट्रोल काढताहेत. माझा काका मजुरीला लागला. रोज संध्याकाळी आजी विचारायची, "निंगालं का?" काका म्हणायचा, "इटाच निंगतेत."

शाळा सुटली की आम्ही तिकडे. दोरी बांधून चौकोन आखलेले. त्याच्या आत माणसं खुरप्याने आणि कुंचल्याने काम करायची, जसं काही जमिनीला दुखेल. रोज थोडं थोडं करत मातीतून एक गोल वर येत होता. विटांचा प्रचंड गोल. तो स्तूप होता. एक नाही, असे दोन मोठे स्तूप पवनीत निघाले, एक जगन्नाथ टेकडीत, एक चांडकापूरला. पहिलं बांधकाम मौर्य काळातलं, मग शुंग-सातवाहन काळात वाढवलेलं. सांचीचा मोठा स्तूप आपण पुस्तकात बघतो, त्याचा व्यास साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे. पवनीचे दोन्ही त्याहून मोठे. पुन्हा सांगतो, सांचीपेक्षा मोठे. फरक इतकाच, सांचीचा उभा राहिला आणि आमचा आम्ही घरी नेला.

स्तूपाभोवती दगडी कठडा असतो, त्याला वेदिका म्हणतात. त्याचे खांब निघाले, त्यांवर कोरीवकाम. एका खांबावर एक नाग आहे, अनेक फण्यांचा. त्याने फणा पसरली आहे आणि खाली आसन आहे, पण आसनावर कोणी नाही. रिकामं. वर ब्राह्मी लिपीत नागाचं नावही कोरलं आहे. हा मुचलिंद नाग. कथा अशी की, ज्ञान झाल्यावर भगवान बुद्ध ध्यानाला बसले असताना मोठी झड लागली. आपल्याकडे लागते तशी, सात दिवसांची. तेव्हा मुचलिंद नाग आला आणि त्याने फणा धरून त्यांना पावसापासून राखलं. मग आसन रिकामं का? कारण त्या काळात बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवत नसत. रिकामं आसन, बोधिवृक्ष, पावलं, एवढ्यावर ओळखायचं. एक मुलगा म्हणून मला वाटलं होतं की मूर्ती कोणी चोरली. आज मला ते रिकामं आसनच सगळ्यात भरलेलं वाटतं.

दगडांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. कोणी खांब दिला, कोणी आडवी दांडी. राजेच नव्हेत, साधी माणसं, बायासुद्धा. एका दानलेखात तर, हे दान सगळ्या प्राण्यांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा कोरली आहे. आपल्या गेटजवळच्या पाटीवर आपण देणगीदारांची नावं आणि रक्कम लिहिली. तेव्हा मीटिंगमध्ये कोणाचं नाव वर यावं यावर जे झालं ते मी इथे काढत नाही.

तर त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. तंबूतले एक साहेब, नाव मला माहीत नाही, तरुण होते, चष्मा होता, आम्हा पोरांशी बोलायचे. त्यांनी एक वीट उचलली आणि मला जवळ बोलावलं. विटेवर बोटांच्या खुणा होत्या. ओल्या मातीवर कोणी तीन बोटं ओढलेली. म्हणाले, "बोटं ठेव यात." मी ठेवली. माझी बोटं बारीक, खाच रुंद. म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने ही वीट पाडली त्याची बोटं आहेत ही. आता तुझीही लागली." मला अंगावर काटा आला. आणि लगेच त्यांनी विचारलं, "अशा विटा गावात कोणाच्या घरी आहेत का? आम्हाला मोजायच्या आहेत. तुमच्या घरी आहेत?"

मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं, हे लोक भिंत पाडून नेतील. आज्याने डोक्यावर आणलेली भिंत. ते नुसतं मोजमाप घेणार होते, कदाचित एक फोटो. पण दहा वर्षांच्या मुलाला सरकारी माणूस म्हणजे नेणारा माणूस. मी धावत घरी आलो आणि मागच्या भिंतीवर शेणाचा पोतारा देऊ लागलो. माय म्हणाली, आज कोणता सण? मी काही बोललो नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि मला आता घरी उत्तर द्यावं लागेल.

उत्खनन उठलं, तंबू गेले. त्याचा अहवाल १९७२ मध्ये छापून निघाला, नागपूर विद्यापीठाने काढला. मी नोकरीला लागल्यावर तो ग्रंथालयात बसून वाचला. इंग्रजी जड होतं. विटांची मोजमापं दिली होती, ते पान मी पुष्कळ वेळ उघडं ठेवून बसलो. पुढे १९९४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केलं. त्यांनीच त्याआधी कुही तालुक्यातल्या अडमला खोदलं होतं. अडमलाही असाच मातीचा तट आणि खंदक निघाला. म्हणजे वैनगंगेच्या या भागात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी तटबंदीची शहरं होती, बाजार होता, नाणी होती, दूरदूरची ये-जा होती. आपण स्वतःला झाडीपट्टी म्हणतो, मागास म्हणतो. कोणाच्या मागे?

आता जे सांगायचं ते लांबवत होतो, ते सांगतो.

बाबा गेले, माग बंद पडला. तो एकदम नाही पडला. आधी रेशीम महाग झालं, मग धोतर नेसणारे कमी झाले, मग बाबांचे डोळे गेले. मागाचा खड्डा आम्ही बुजवला आणि त्यावर टीव्हीचं टेबल ठेवलं. १९९८ साली आम्हा तिघा भावांत घराचं ठरलं. धाकटा गावातच राहणार होता, त्याला रस्त्याकडची बाजू. मागची बाजू विकायची आणि पैसे दोघांनी घ्यायचे. मी तेव्हा भंडाऱ्याला मास्तर, भाड्याच्या दोन खोल्यांत. इथे खात रोडला धानाच्या बांध्या भरून सोसायटी होणार, असं कळलं होतं. पहिल्या हप्त्याला पैसे हवे होते. मी सही केली.

ज्याने मागची बाजू घेतली त्याला पक्कं घर बांधायचं होतं. त्याचा काही दोष नाही. भिंत पाडली तेव्हा मी शाळेत होतो, इथे, आपल्या गावात. भावाने नंतर सांगितलं, भिंत पडत नव्हती. सब्बल लावली तरी विटा सुटेनात. शेवटी पडली, आणि त्या विटांचे तुकडे करून नव्या घराच्या जोत्यात भराई म्हणून टाकले. आजी तेव्हा नव्हती, हे बरं.

आपल्या सोसायटीची नोंदणी १९९९ ची. माझा फ्लॅट बी-विंग, दुसरा मजला. पंचवीस वर्षं आपण तिथे बसून चहा घेतला आहे. तुमच्या मुलांनी माझ्याकडे गणित शिकलंय. तो फ्लॅट त्या भिंतीचा आहे. सभासदांच्या यादीत माझ्या नावापुढे रक्कम आहे, ती कशाची आहे ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणून आज सांगितलं.

भावाने एक वीट बाजूला काढून ठेवली होती. अख्खी. मला आवडेल म्हणून. तो २००० च्या दिवाळीला एसटीने ती घेऊन आला, पिशवीत, फराळाच्या डब्याखाली. ती ही. आता फडकं काढतो. मुलांनो, एकेकाने या, ढकलाढकली नको. ही खूण बघा. बोटांची नाही, ती वीट वेगळी होती. ही कुत्र्याच्या पायाची आहे. वीट वाळत घातली होती आणि कुत्रं वरून चाललं. दोन हजार वर्षांपूर्वीही विटा वाळत घालणारा माणूस ओरडला असेलच, 'हाड!'

ही वीट चोवीस वर्षं माझ्या बाल्कनीत होती. बायकोने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली, मी काही बोललो नाही. काय सांगणार होतो?

२०२० चा ऑगस्ट आठवतो ना सगळ्यांना. कोरोना चालू, गेटला दोरी बांधलेली, आणि महिन्याच्या शेवटी वैनगंगेला असा पूर आला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. आपल्या शहराच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आपल्या विंगमधल्या बायांनी पोळ्या लाटून पाठवल्या होत्या. तेव्हा मी सारखा पवनीला फोन करत होतो. गोसीखुर्दचं धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, नंतर राष्ट्रीय प्रकल्प झाला. धरणाच्या पाण्यात आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं गेली. आपल्या सोसायटीतली तीन कुटुंबं त्या गावांतली आहेत, त्यांना मी काय सांगावं? त्यांचं गाव बघायला सहलही नेता येत नाही. तर दारं उघडली होती आणि पाणी पवनीकडे सुटलं होतं. भावाचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी लागला. म्हणाला, खालच्या मोहल्ल्यातले लोक वर आलेत, आम्ही तटाकडच्या उंच भागात आहोत, पाणी इथवर नाही आलं. मी म्हटलं, टेकडी? तो चिडला. "इथं मानसं बुडून रायली अन्‌ तुला टेकडीचं पडलं?"

बरोबर होतं त्याचं. पण मला वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी इतक्या उंचावर गाव वसवलं, नदी एका अंगाला ठेवली आणि तिन्ही अंगांना मातीचा बांध घातला, त्यांनी असेच पूर पाहिले असतील. हा माझा अंदाज, पुस्तकात नाही.

आता सहलीचं. कार्यकारिणीने जानेवारीतला दुसरा रविवार ठरवला आहे. बस सकाळी साडेसहाला गेटवर, आपल्या घड्याळाने नाही, खऱ्या साडेसहाला. आधी जवाहर गेट, मग तटावरून चालायचं. चप्पल नको, बूट घाला, काटे आहेत. तटावर चालताना खाली मिरचीचे सातरे दिसतील. बाया शेकडोंनी ओळीने बसून लाल मिरचीचे देठ खुडत असतात. वाऱ्याची दिशा बघून थांबा, नाहीतर खोकून जीव जाईल. कौतुक करा, पण विचारल्याशिवाय फोटो काढू नका, त्या कामावर असतात. मग गणपती. मग जगन्नाथ टेकडी. तिथे सांची बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माती आहे, विटांच्या ओळी आहेत, गवत आहे. कोरलेले खांब तिथून हलवलेले आहेत. मी उभा राहून सांगेन कुठे काय होतं. ज्यांना उभा, पुरा स्तूप बघायचा त्यांना जवळ रुयाडला नेऊ, तिथे अलीकडे मोठा स्तूप बांधला आहे, फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो. परतताना दिवाण घाटावर बसून डबे खाऊ. नदीत कागद टाकायचे नाहीत.

टेकडीवरून एकही वीट उचलायची नाही. तुकडासुद्धा नाही. 'छोटासा आहे' असं मला सांगायचं नाही.

आणि ही वीट. मी नागपूरला अजब बंगल्यात चौकशी करून आलो, मध्यवर्ती संग्रहालयात. १८६३ चं संग्रहालय आहे ते, मुलांना एकदा दाखवा. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या भिंतीतली? भिंत किती लांब होती? किती थर?" म्हणजे पंचावन्न वर्षांनी तोच प्रश्न. मी या वेळी खरं सांगितलं. भिंत नाही, पण मला पाठ आहे. लहानपणी तापाने पडलो की तिच्याकडे बघत थर मोजायचो. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकतीस. त्यांनी लिहून घेतलं आणि अर्ज कसा करायचा ते सांगितलं. अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे.

तोवर बायको म्हणते, तुळशीखाली काय ठेवायचं. आपल्या पार्किंगमध्ये गेल्या वर्षीच्या रंगकामाच्या उरलेल्या विटा पडल्या आहेत, दोन-चार. सेक्रेटरीसाहेब, परवानगी असेल तर त्यातली एक नेतो. आता चहा घेऊ या.